जाऊबाईंचं नाक आणि केळ्याचा पाव

आमच्या थोरल्या जाऊबाईंना देवानं आधी नाक दिलं आणि मग त्या नाकाला टेकू म्हणून बाकीचा चेहरा दिला, असं माझं फार जुनं मत आहे. दिसायला ते नाक साधंच. किंचित बसकं, नथ घालायच्या तेव्हा उगीच रुंद दिसणारं. पण कामाला असं, की नागावपासून चौलापर्यंत त्याला तोड नव्हती. बाकीची माणसं नाकासमोर चालतात. जाऊबाई नाकाच्या मागून चालायच्या. घरात कोणी आलं की ‘कसा आहेस’ विचारायच्या आधी त्या एक श्वास घेत आणि तो कुठून आला, काय खाऊन आला, वाटेत कोणाशेजारी बसला, ते सांगून मोकळ्या होत. मी लग्न होऊन पेणहून या वाडीत आले, तेव्हा उंबऱ्यावरचं माप ओलांडायच्या आत त्या माझ्या कानाशी आल्या आणि म्हणाल्या, “वाटेत भजी खाल्लीस का गो?” खाल्ली होती. वडखळला गाडी थांबली होती, आणि नवरी झाली म्हणून माणसाची भूक काही मरत नाही. पण सासरच्या घरातलं पहिलं वाक्य भज्यांबद्दलचं असेल, असं मात्र मला वाटलं नव्हतं.

आमची घरं दोन, अंगण एक आणि विहीर एक. म्हणजे चुली जरी वेगळ्या असल्या तरी जाऊबाईंच्या नाकाला ती वाटणी मान्य नव्हती. मी माझ्या स्वयंपाकघरात दूध तापवायला ठेवावं आणि त्यांनी त्यांच्या पडवीतून ओरडावं, “उतू चाललं बघ!” मी बघावं तर दूध अजून काठाच्या खाली असायचं, आणि मी बघत असतानाच वर यायचं. त्यांचा मुलगा अलिबागला कॉलेजात असताना एकदा समुद्रावर मित्रांबरोबर सिगारेट ओढून आला. बिचाऱ्यानं विहिरीवर आंघोळ केली, दात घासले, वर वेलदोडा चघळला आणि साळसूदपणे ताटावर बसला. जाऊबाईंनी भाकरी वाढता वाढता म्हटलं, “वेलची वरनं घातलीस. आधी काय व्हतं ते सांग.” त्या मुलानं पुढे सिगारेट सोडली ती आरोग्यासाठी नव्हे, आईला लपवता येत नाही म्हणून सोडली.

रेवदंड्याच्या मासळीबाजारात तर त्यांचा दरारा होता. इतर बायका माशाचा कल्ला उचलून बघतात, डोळा बघतात, बोटानं पोट दाबून बघतात. जाऊबाई नुसत्या पाटीपुढे उभ्या राहायच्या. “ही आजची. ही कालची. आनि ही बर्फात झोपून आलीय, हिला उठवू नको.” कोळणी तणतणायच्या, पण त्यांच्यासाठी चांगली मासळी पाटीच्या खालून निघायची. त्यांच्यातली एक तोंडाळ कोळीण तर त्यांना लांबून बघितलं की मुद्दाम सगळ्या बाजाराला ऐकू जाईल असं ओरडायची, “थोरली आली, झाका गो झाका!” जाऊबाईंना ते आवडायचं. चेहरा करडा ठेवायच्या, पण परत येताना रिक्षात एकदा तरी म्हणायच्या, “घाबरतात मला.”

आता या बाईच्या घरात एअर फ्रायर कसा आला ते सांगते. माझी पुतणी, म्हणजे जाऊबाईंची मुलगी, पुण्यात असते. आईनं तेल कमी खावं म्हणून तिनं तो पाठवला. खोका उघडून जाऊबाईंनी तो सगळीकडून हुंगला, आणि त्यांना त्याच्यात कसलाच चांगला-वाईट इतिहास सापडेना, तेव्हाच तो त्यांच्या मनातून उतरला. “तेल न्हाय, जाळ न्हाय, मंग तळतो कशात?” मी म्हटलं, “हवेत.” त्या म्हणाल्या, “हवेत तळून पोट भरत असतं तर या किनाऱ्यावर कोन उपाशी राह्यलं असतं?” पण आठवडाभरात त्याच्या खणाचा एक गुण त्यांच्या ध्यानात आला. तो खण असा घट्ट बसायचा की वाडीतल्या मांजराला तो उघडता येईना. ते मांजर डब्याची झाकणं उघडायला शिकलेलं होतं आणि सुक्या मासळीचं त्याच्यापासून रक्षण करणं हा जाऊबाईंच्या आयुष्यातला मोठा व्याप होता. तेव्हापासून एअर फ्रायरमध्ये सुक्या जवळ्याची पिशवी राहायला लागली. पुतणी फोनवर विचारायची, “आई, वापरतेस ना?” आणि जाऊबाई अगदी खरं सांगायच्या, “रोज उघडते.”

त्यांनी तो भाजायला वापरला त्याला कारण आमचे पाहुणे. घराच्या मागे आम्ही दोन खोल्या बांधल्यात, शनिवार-रविवारी मुंबईचे लोक येऊन राहतात. एका सकाळी मी अलिबागला गेले होते आणि एका तरुण जोडप्यानं नाश्त्याला बनाना ब्रेड मिळेल का म्हणून विचारलं. जाऊबाईंना दोन्ही शब्द येत होते. त्यांनी बेकरीचा पाव आणवला, मधून चिरला, प्रत्येकात एक सोललेलं वेलची केळं आडवं झोपवलं, वर चिमूटभर साखर भुरभुरली आणि नेऊन दिलं. त्या जोडप्यानं काय समजून ते खाल्लं देव जाणे, पण फोटो काढले, आवडीनं खाल्लं आणि जाताना “असा कुठेच खाल्ला नव्हता” असं अगदी मनापासून सांगितलं. जाऊबाई खूश. पुतणीला त्यांनी ही हकिगत व्हिडिओ कॉलवर ऐकवली आणि ती पोरगी हसून हसून फोनमधून दिसेनाशी झाली. मग तिनं समजावलं, की केळी कुस्करायची, त्यात मैदा, अंडं, गूळ घालायचा आणि ते भाजायचं. जाऊबाईंनी सगळं ऐकून घेतलं. “म्हंजे केकच की गो. मंग त्याला पाव कशाला म्हनायचं? मानसाची फसगत व्हते ना.” चूक आपली नाही, नाव ठेवणाऱ्याची आहे, हे एकदा ठरल्यावर त्या तो पाव करायला तयार झाल्या. शिवाय पडवीत टांगलेला केळ्यांचा लोंगर तेव्हाच पिकला होता. केळ्यांचा स्वभाव मोठा वाईट. दिवसेंदिवस हिरवीगार लोंबत राहतात आणि एका सकाळी सगळी एकदम पिकतात. वाटावीत म्हटलं तर शेजाऱ्यांचीही त्याच सकाळी पिकलेली असतात.

तो पहिला पाव दिसायला फार देखणा झाला. वरून बदामी, मधे छान तडकलेला. जाऊबाईंनी जाड जाड फोडी कापून आम्हा सगळ्यांना दिल्या आणि आम्ही घास घेतला. केळं होतं, गूळ होता, आणि त्या दोघांच्या मधोमध ऐसपैस जवळा बसलेला होता. खण धुतला होता त्यांनी, पण नुसता पाण्यानं, आणि जवळा काही पाण्यानं जाणारी वस्तू नव्हे. माझा नवरा वहिनीच्या हातचं कधी टाकत नाही. त्यानं घोटभर पाण्याबरोबर घास ढकलला आणि म्हणाला, “वेगळाच लागतो.” जाऊबाईंनी विचारलं, “वेगळा म्हंजे कसा?” मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं. त्यात चेष्टा नव्हती. त्यांना खरंच कळलं नव्हतं. जी बाई अंगणात उभी राहून शेजारी शिजणारी सुकट यंदाची की गेल्या सालची ते सांगायची, ती त्या पावाची फोड हातात धरून आमच्याकडे आशेनं बघत होती.

सगळे उठून गेल्यावर मी मागे राहिले. त्या खण घासत होत्या, तोच खण पुन्हा पुन्हा. मी म्हटलं, “वहिनी, वास येत न्हाय का तुम्हाला?” त्या आधी म्हणाल्या, “येतो गो. जरा कमी येतो.” मग हात धुतले, पाटावर बसल्या आणि म्हणाल्या, “काय बी येत न्हाय. तो ताप आला व्हता ना, तवापासनं.” महिन्यापूर्वी त्या तापल्या होत्या हे खरं. नंतर उठल्या, कामाला लागल्या, आम्हाला वाटलं झाल्या बऱ्या. अंगणातून येणाऱ्या हाका थांबल्यात, माझं दूध दोनदा उतू गेलंय, हे माझ्या ध्यानातही आलं नव्हतं. “कोनाला बोलू नको,” त्या म्हणाल्या, “बाजारात तर मुळीच न्हाय.” मी म्हटलं, स्वयंपाकाचं काय, हाताला सवय आहे तुमच्या. त्यावर त्यांनी मान हलवली. “जेवनाचं न्हाय गो. जेवन हातानं व्हतं. माझी बंडी हाय ट्रंकेत.”

आमचे भावोजी, म्हणजे थोरले दीर, त्याच्या दोन वर्षं आधी गेले होते. तेरावं झाल्यावर त्यांचे कपडे देऊन टाकले, ते मीच गाठोडी बांधून दिले होते. पण त्यातली एक बंडी जाऊबाईंनी आधीच बाजूला काढली होती. न धुतलेली, त्यांच्या अंगावरची. प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ट्रंकेच्या तळाशी ठेवलेली. फार आठवण आली की त्या पिशवीचं तोंड बोटभर उघडायच्या, एक श्वास घ्यायच्या आणि लगेच बांधून टाकायच्या. “ह्यांचा वास हाय त्यात,” त्या म्हणाल्या. आपल्या भाषेत वास म्हणजे गंध आणि वास म्हणजे मुक्कामही. त्यांना कुठला म्हणायचा होता ते मी विचारलं नाही. “आता उघडली तर वास उडनार, आनि मला काय कळनार न्हाय. फुकट जाईल. म्हनून नाक परत येईस्तवर उघडायची न्हाय असं ठरवलंय. पन तवर तो तरी राहंल का?” मनात मी त्या दिवसापासून देवाला एकच सांगत होते, की या बाईचं नाक त्या बंडीच्या आधी परत येऊ दे.

पुतणीला आम्ही नाकाचं सांगितलं, बंडीचं नाही. तिनं डॉक्टरांना विचारून उपाय कळवला. लवंग, लिंबू, गुलाब आणि निलगिरी अशा चार वस्तू सकाळ-संध्याकाळ हुंगायच्या, नाकाला हळूहळू शिकवायचं. जाऊबाईंनी चार बाटल्या मांडल्या आणि आठवड्यात उचलून ठेवल्या. “लवंगेला मी दोन टाइम काय म्हनून हुंगू? तिची-माझी काय सोयरीक?” पण शिकवणी त्यांनी सोडली नाही, मास्तर बदलला. त्यांच्या असं लक्षात आलं, की एअर फ्रायर भाजताना पाठीमागच्या जाळीतून गरम हवा जोरात बाहेर फेकतो आणि त्या हवेबरोबर आत जे काही असेल त्याचा वास. “ह्याच्यात नाकाला जायला लागत न्हाय, वास आपन येतो,” त्या म्हणाल्या. आणि केळ्याच्या पावाइतका दांडगा वास घरात दुसऱ्या कशाला होता? मग रोज दुपारी केळ्याचा पाव सुरू झाला. ओट्यावर त्या यंत्राचं तोंड भिंतीकडे आणि पाठ स्वयंपाकघराकडे. पाहुण्यांच्या खोलीतलं उंच स्टूल आणून त्यावर जाऊबाई बसायच्या, पदर घट्ट खोचून, चष्मा कपाळावर, आणि नाक त्या जाळीसमोर. पाहुण्यांना वाटायचं काकू यंत्र दुरुस्त करतायत. मी एकदा म्हटलं, “वहिनी, नाक भाजंल हो.” त्या म्हणाल्या, “भाजलं तर जागं तरी व्हईल.”

यंत्राचं तोंड भिंतीकडे केल्यावर त्याचे आकडे दिसेनात. त्यावर जाऊबाईंनी तोड काढली. सरळ माझ्याजवळ आल्या, माझ्या कपाळावरची टिकली काढली आणि वेळेच्या चकतीशेजारी, ती जिथवर फिरवून थांबायचं तिथे लावून टाकली. मग मागे हात घालून त्या बोटानं टिकली चाचपायच्या आणि तिथवर चकती फिरवायच्या. टिकली पडली की पुन्हा माझं कपाळ. त्या पावसाळ्यात मी टिकल्यांची पाकिटं आणून त्यांच्या फडताळात ठेवली, पण त्यांना कपाळावरचीच लागायची, म्हणे ती चिकटते चांगली.

पाव वरून लवकर लाल व्हायचा आणि आत कच्चा राहायचा. पुतणीनं सांगितलं वर चांदीचा कागद झाका. जाऊबाईंच्या वाडीत केळीची पानं असताना त्या कागद कशाला आणतील? त्यांनी पानाचा गोल तुकडा कापून झाकला. आतला वारा जोरात, तो तुकडा उडाला आणि वर जाऊन तापलेल्या तारेला चिकटला. मी माझ्या घरातून धावत आले तेव्हा जाळीतून काळा धूर येत होता आणि जाऊबाई त्या धुरासमोर ताठ बसून डोळ्यांतून घळघळ पाणी गाळत दीर्घ श्वास घेत होत्या. “आज कायतरी येतंय,” त्या म्हणाल्या. मी बटण बंद केलं. येत होतं ते डोळ्यांना झोंबत होतं, नाकाला नव्हे, आणि हे त्यांना सांगताना मला फार वाईट वाटलं. दुसऱ्या दिवसापासून पानावर त्या स्टीलचा चमचा ठेवायला लागल्या.

याहून मोठी अडचण वारांची. पावात अंडं, आणि अंडं म्हणजे आमच्याकडे मासळीच्या रांगेत. म्हणजे रविवार, बुधवार, शुक्रवार हे मासळी खायचे वार तेच पावाचे दिवस, बाकीच्या दिवशी अंड्याला घरात थारा नाही. पण केळ्याला वार कळत नाही आणि नाकाची शिकवणी तर खंड न पाडता करायची. म्हणून जाऊबाईंनी पावाच्या जाती पाडल्या. वाराचा पाव अंड्याचा, बिनवाराचा दह्या-सोड्याचा. संकष्टीला तर मैदाही चालत नाही म्हणून राजगिऱ्याच्या पिठाचा उपासाचा पाव, जो कापायला माझ्या नवऱ्याला कोयता शोधावा लागला. कोणी पाहुण्यानं पाव मागितला की जाऊबाई आधी विचारायच्या, “तुमचा आज वार हाय का?” मुंबईची माणसं कॅलेंडर बघून “हो, शनिवार” म्हणायची. मग त्या हसायच्या आणि दह्याचा द्यायच्या. श्रावणभर आम्ही दह्याच्या पावावर काढले. सकाळी चहाबरोबर तो, दुपारी शिळा तो, संध्याकाळी येईल-जाईल त्याच्या हातात तो. नारळ पाडायला येणारा गडी झाडावर चढायच्या आधीच म्हणायचा, “आज पाव नको हा काकी, पोट भरलंय.” मी मात्र कधी नाही म्हटलं नाही, कारण प्रत्येक पाव कशासाठी झालाय ते मला ठाऊक होतं.

बाजाराचं काम वेगळंच होऊन बसलं. मी त्यांच्याबरोबर जायचं, त्यांच्या जरा मागे उभं राहायचं, हळूच वास घ्यायचा आणि मासळी ताजी असली तर त्यांचा पदर एकदा ओढायचा, शिळी असली तर दोनदा. जाऊबाई कल्ला वगैरे उचलून नाटक झकास करायच्या. एकदा मला पडसं झालं होतं. मला वाटलं, आज जाऊ नये, पण त्यांचा हट्ट. मी अंदाजानं एकदा पदर ओढला आणि आम्ही जे बांगडे घरी आणले त्यांच्याकडे बघून आमचं ते झाकणं उघडणारं मांजर उठून दुसरीकडे जाऊन बसलं. जाऊबाई त्या दिवशी जेवल्या नाहीत. पुढच्या खेपेला ती तोंडाळ कोळीण मला बाजूला घेऊन हळूच म्हणाली, “थोरलीचं नाक गेलंय ना?” मी हातातली पिशवी सावरली. “कल्ला उचलते आता. कंदी उचलला व्हता का आधी? तिला सांगू नको मला कळलंय ते. माझ्याकडनंच घेत जा, मी बघते.” आणि लगेच वळून सगळ्या बाजाराला ऐकू जाईल असं ओरडली, “थोरली आली, झाका गो झाका!” जाऊबाई रिक्षात म्हणाल्या, “बघ, अजून घाबरतात.” मी म्हटलं, “तर काय!”

भाद्रपदात एक दिवस त्यांनी अंगणातून माझ्या नावानं अशी हाक मारली की मी हातातलं पीठ तसंच घेऊन पळाले. त्या लिंबाची फोड नाकाला धरून उभ्या होत्या. “रॉकेल!” त्या म्हणाल्या, “गो, लिंबाला रॉकेलचा वास येतोय!” पुतणी फोनवर म्हणाली ही चांगली खूण आहे, नाक जागं व्हायला लागलं की आधी असंच उलटसुलट येतं. रॉकेल तर रॉकेल! जाऊबाईंनी त्या दिवशी दोन पाव केले आणि रस्त्यापलीकडच्या घरांतही वाटले. पण ते रॉकेल चार दिवस टिकलं आणि गेलं. जाळीसमोर बसून त्या श्वास घेत राहायच्या, आणि पाव झाला की बटण बंद करून उठायच्या.

पावसाळा सरला. समुद्राकाठच्या घरांत पावसाळाभर सगळ्याला ओल धरते. चामड्याच्या चपला, लग्नातले शालू, भिंतीवरच्या तसबिरी, सगळं बुरसतं. म्हणून घटस्थापनेआधी आम्ही घर झाडायला काढतो, ट्रंका रिकाम्या करतो, अंथरुणं-पांघरुणं अंगणात उन्हाला टाकतो. माझ्या ट्रंका बाहेर आल्या, जाऊबाईंची आली नाही. दुपारी मी बघायला गेले तर त्या ट्रंकेसमोर खाली बसल्या होत्या. ओट्यावर यंत्र चालू होतं, त्यात पाव होता, आणि आज त्या जाळीसमोर बसल्या नव्हत्या. “ये,” त्या म्हणाल्या. “दार लोट. ऊन दाखवलं तर वास जातो, न्हाय दाखवलं तर बुरशी धरते. पाऊसभर मी हाच इचार करतेय.” मग त्यांनी ती पिशवी माझ्या हातात दिली. “तू हुंग. मासळीचं सांगतेस तसं खरं सांग. असंल तर परत बांधून ठेवते.”

मी पिशवी सोडली. बंडी एके काळची पांढरी, दोन खिशांची, गळ्याशी शिवण उसवलेली. मी नाक लावलं आणि श्वास घेतला. ओल होती. ट्रंकेच्या गंजाचा लोखंडी वास होता. मी पुन्हा श्वास घेतला, काखेशी, खिशाशी, कॉलरच्या जागी. बुरशी. भावोजींचं त्यात काही म्हणजे काही राहिलं नव्हतं. जाऊबाई माझ्या डोळ्यांकडे बघत नव्हत्या, माझ्या नाकपुड्यांकडे बघत होत्या.

“हाय,” मी म्हटलं.

“काय हाय?”

मग मी सांगायला लागले. “नारळाच्या सोडनाचा, वरच्या सालीचा हाय. विहिरीवर सुंभ भिजत पडायचं ना, त्या ओल्या सुंभाचा हाय. खोबरेल हाय, ते डोक्याला लावून तोच हात बंडीला पुसायचे. विडीचा हाय, जरासा, लांबून आल्यावानी. आनि सुपारीचा, कच्च्या, ते सोलत बसायचे तेव्हाचा.” मला काही आठवायला लागत नव्हतं. भावोजी विहिरीच्या कट्ट्यावर बसलेले समोर दिसत होते आणि मी बघून बघून सांगत होते. जाऊबाईंनी डोळे मिटले होते. चेहरा सैल झाला होता, आणि नाकपुड्या हलत होत्या, फार दिवसांनी, पूर्वी हलायच्या तशा.

मग त्यांनी डोळे उघडले. “विडी त्यांनी सोडली व्हती गो,” त्या म्हणाल्या. “ही बंडी शिवली त्याच्या कितीतरी आधी.”

माझी मान खाली गेली. मला वाटलं आता रागावतील, आणि रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी माझ्या हातातून बंडी घेतली, एकदा झटकली आणि उठून अंगणात गेल्या. पाहुण्यांच्या चादरी आणि माझ्या नवऱ्याचे सदरे वाळत होते त्या दोरीवर त्यांनी ती बंडी टाकली, चिमटा लावला आणि हातानं तिच्या कडा नीट केल्या. ऊन कडक होतं, वारा समुद्राकडून येत होता. मग त्या येऊन पायरीवर माझ्याशेजारी बसल्या. आतून पावाचा खमंग वास येत होता. आम्ही दोघी त्या दोरीकडे बघत बसलो.

“बाकीचं बरोबर सांगितलंस,” त्या म्हणाल्या. “सोडनाचं तर अगदी तसंच.”

मी त्यांचा हात हातात घेतला. तो केळ्यानं आणि गुळानं अजून चिकट होता.

“परत सांग,” त्या म्हणाल्या. “विडी सोडून सांग.”

मी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, या खेपेला सावकाश, आणि बंडी वाळेपर्यंत सांगत राहिले.